घरासकट आलेली द्रुसी मावशी

ऑक बेटावर जे काही हलायचं ते दोरानं हलायचं. थंडी पडायच्या आत होड्या वर ओढायच्या, बर्फ पडला की रानातून लाकडं ओढायची, आणि कुणाला शेजाऱ्याचं तोंड बघवेनासं झालं की अख्खं घर ओढून बंदराच्या दुसऱ्या अंगाला न्यायचं. घरं लाकडाची, खडकावर खांब रोवून उभी केलेली. न्यूफाउंडलंडच्या त्या कातळात पाया खणत बसायला वेळ होता कुणाला? तेव्हा घर हलवणं ही काही फार मोठी गोष्ट नव्हती. माणसं हवीत, दोर हवा आणि दोराला गाणं हवं.

गाण्याशिवाय दोर हलत नाही, हे तुम्ही लिहून घ्या. प्रत्येकजण आपापल्या वेळेला हिसका देतो आणि घर तिथंच. एकानं गाणं उचलायचं, त्यात ओढणाऱ्यांपैकी कुणाची तरी यथेच्छ खोडी काढायची, आणि शेवटच्या शब्दावर सगळ्यांनी मिळून ओढायचं. ज्याची काढली तो चिडून ओढतो, बाकीचे हसून ओढतात. घराला काय, चिडून ओढलं काय नि हसून ओढलं काय, ते पुढे सरकतं.

बेटावर हे गाणं अझराया ब्लॅगडन उचलायचा. आवाज असा की पलीकडच्या खडकावरचे पक्षी उठायचे. पण टोमणे त्याचे नव्हते. ते आदल्या रात्री त्याची बायको द्रुसिला चुलीपाशी बसून रचून द्यायची, आणि हे अख्ख्या बेटाला ठाऊक होतं. कारण अझराया इतका गरीब स्वभावाचा माणूस, की मांजराला शुक करताना त्याला वाईट वाटायचं. अझराया छातीच्या दुखण्यानं गेला. त्यानंतर पहिल्यांदा होडी ओढायची वेळ आली तेव्हा सगळे दोर धरून नुसते उभे राहिले. शेवटी त्याचा चुलतभाऊ एसाऊ वळून म्हणाला, "द्रुसी, शब्द आजवर तुझेच होते ना? मग आता तोंडही तूच उघड."

बाईमाणसानं दोराचं गाणं उचलल्याचं त्या उपसागरात कुणी ऐकलं नव्हतं. द्रुसीनं पाण्यानं भिजलेले हात पुसले, दगडावर चढली आणि पहिलाच बार एसाऊवर टाकला.

"एसाऊची मिशी मोठी, हात मात्र मऊ,
बायको ओढते होडी, हा म्हणतो, आधी जेऊ! ओढ!"

होडी त्या दिवशी गरजेपेक्षा बरीच वर गेली. तेव्हापासून गाणं द्रुसीचं. पन्नाशी उलटली की आमच्याकडे माणूस अख्ख्या गावाचा काका नाहीतर मावशी होतो. तशी ती यथाकाळ द्रुसी मावशी झाली. अंगानं काडी, तोंडाचा मात्र पट्टा.

बेटाची आणखी एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ऑक बेटावर मदत मागत नसत. मागणं हा समोरच्याचा अपमान होता. मागायला लागलं म्हणजे काय, आम्हाला डोळे नाहीत? ज्याला काही ओढायचं असेल त्यानं आपल्या दारासमोर दोर पसरून ठेवायचा. बस्स. सकाळी बाहेर येऊन बघावं तर माणसं दोराला लागलेली. काम झालं की घरच्या बाईनं सगळ्यांना जेवू घालायचं, खारवलेला कॉड मासा, बटाटे, आणि मनुका घातलेला उकडलेला गोड गोळा. आभार मानायची पद्धत नव्हती. कुणी मानले असते तर लोक वरमले असते.

न्यूफाउंडलंड कॅनडात सामील झालं त्याला दहाएक वर्षं झाली होती. देश बदलला तरी बेटावर फरक इतकाच पडला की टपालाच्या तिकिटावरचं चित्र बदललं. पण मासा कमी होत चालला होता. मास्तर टिकेना. डॉक्टर वारा म्हणेल तेव्हा यायचा, आणि वारा नको तेव्हा नको म्हणायचा. सरकारचं म्हणणं होतं, बेट सोडा, उपसागराच्या पलीकडे हूपर खाडीला जा, तिथं रस्ता आहे, शाळा आहे. अट एकच, सगळ्या घरांनी हो म्हटलं पाहिजे. एकाचा नकार असला तरी हलायचा सरकारी खर्च कुणालाच मिळणार नाही.

सगळ्यांनी हो म्हटलं. एक घर सोडून.

कुणी द्रुसी मावशीला शब्दानंही बोललं नाही. मागायचं नाही म्हणजे नाही. पण एसाऊच्या धाकट्या नातीचा कान फुटला, पोर रात्रंदिवस रडली आणि वाऱ्यामुळे डॉक्टर येऊ शकला नाही. बेट लहान, रडणं सगळ्यांना ऐकू जायचं. चौथ्या दिवशी द्रुसी मावशी आपण होऊन एसाऊच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली.

"मी हो म्हणते," ती म्हणाली. "पण घरासकट."

एसाऊनं हातातला कप खाली ठेवला. "द्रुसी, तुझं घर दुमजली आहे."

"मला माहीत आहे. रोज जिना मीच चढते."

"अगं, मधे सगळा उपसागर आहे! लोक आपापली घरं मोडून लाकडं नेतायत. तू पण तेच कर. नाहीतर मर्टलकडे राहा. पोटची पोर आहे, तिथं हूपर खाडीत सुखात नांदतेय."

"मर्टलकडे चुलीमागे एक खाट आहे. तिच्यावर झोपलं की पाय दाराबाहेर जातात. जावई भला आहे, म्हणून तर भीती वाटते. भल्या माणसाच्या घरात बाईला जन्मभर हळू बोलावं लागतं." मग तिनं एसाऊकडे असं पाहिलं की त्यानं नजर खाली घातली. "ते घर अझरायानं बांधलं. जिन्याची एक पायरी वाकडी आहे, ती दुरुस्त करतो करतो म्हणत गेला. मी ती पायरी मोडून जळणाला नाही द्यायची. घर येत असेल तर मी येते."

एसाऊनं मिशीवरून हात फिरवला. "आणि नाही आलं, मधेच बुडालं तर?"

"तर तुला गाण्यातून सुटका मिळाली."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या दारासमोर दोर पसरलेला होता.

शरदातल्या मोठ्या उधाणाचा मुहूर्त धरला. चिमणी उतरवली, खालच्या मजल्याच्या तळाची चार फळकुटं काढली म्हणजे पाणी घराला खालून उचलून उलथवणार नाही, खांब कापून घर दोन लांब ओंडक्यांवर घेतलं. बशा-कप मात्र मावशीनं कपाटातच ठेवले. एसाऊनं विचारलं तेव्हा म्हणाली, "तुम्ही ओढणार की आपटणार, ते मला त्यावरून कळेल." उतारावरून घर गाण्याच्या तालात किनाऱ्याला आलं, भोवती रिकामे पिंप बांधले, भरती चढली आणि अझरायाचं घर पाण्यावर उभं राहिलं. थोडं डोललं, मग शांत झालं. काही म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या.

होडीत बसायला मावशी तयार नव्हती. "घर माझं आहे, मी घरात बसून जाणार."

"द्रुसी, ऐक माझं, बुडशील!"

"बुडले तर माझ्याच घरात बुडेन. तुझं काय जातंय?"

आणि खरंच, मोटारहोड्यांच्या रांगेनं ओढलेलं ते पांढरं घर उपसागर ओलांडून गेलं तेव्हा वरच्या खिडकीत काळी शाल पांघरून द्रुसी मावशी ताठ बसलेली होती. मागे वळून तिनं पाहिलं नाही. तिची खिडकी पुढच्या बाजूला होती, आणि तिनं ती मुद्दामच निवडली होती. तिच्या हातात अझरायाची टोपी होती, हे एसाऊला मागाहून कळलं. पुढे कित्येक वर्षं आम्ही ते सांगताना मान उंच करूनच सांगत आलोय. राजेरजवाडे बघितले असतील तुम्ही. घरात बसून समुद्र ओलांडणारी बाई बघितलीय?

हूपर खाडीच्या किनाऱ्याला घर दुपारी टेकलं. इथवर सगळं चांगलं झालं. पण ऑक बेटावर घर उताराला होतं, इथं चढ होता. बेटावरची निम्मी कुटुंबं आधीच दुसऱ्या गावांना पांगली होती, दोराला लागायला माणसं थोडी. पूर्वेकडून वारा उठत होता. रात्रीची भरती यायच्या आत घर वर गेलं नाही, तर लाटा त्याला खडकावर धरून आपटणार आणि सकाळी गोळा करायला फळ्या राहणार, हे न सांगता सगळ्यांना दिसत होतं.

मावशी खाली उतरली. तिनं आपल्या हातानं दोर घरासमोर नीट, लांबवर, रस्त्यापर्यंत पसरला. रस्त्यावर हूपर खाडीचे बापये उभे होते, चांगला घोळका. हात खिशात, तोंडात पाइप. सगळे घराकडे बघत होते, दोराकडे बघत होते आणि कुणीही जागचं हललं नाही.

बेटावरच्या मोजक्या गड्यांनी दोर धरला. मावशीनं गाणं उचललं. घर वीतभर सरकलं आणि रुतलं. पुन्हा ओढलं, पुन्हा वीतभर. एसाऊ धापा टाकत खाली बसला.

"बघतायत बघा कसे," तो रस्त्याकडे बघून थुंकला. "जत्रा आहे का ही? हीच का ती शाळा नि रस्तेवाली शहाणी माणसं? द्रुसी, जा, सांग त्यांना."

"काय सांगू?"

"हात लावा म्हणावं."

"मागू?" मावशीचा आवाज चढला. "दोर पसरलाय त्यांच्या पायापर्यंत. डोळे आहेत ना त्यांना? जन्मात कधी मागितलं नाही, आता पहिल्याच दिवशी पदर पसरू?"

तेवढ्यात मर्टल धावत आली. वाऱ्यानं तिचा रुमाल उडत होता. तिनं आईचा हात धरला. "आई, चल. घरी चल. खाट घातलीय. चहा टाकलाय. लाकडं उद्या गोळा करू."

"लाकडं कशाची? माझं घर उभं आहे अजून."

"आई, अंधार होईल गं! हे लोक वाईट नाहीत. पण इथं सांगितल्याशिवाय कुणी दुसऱ्याच्या वस्तूला हात लावत नाही. माझ्या सासऱ्यांनी एकदा वादळात शेजाऱ्याची होडी न विचारता वर ओढून ठेवली, तर शेजारी दोन वर्षं बोलला नाही. म्हणाला, मला काय नीट बांधता येत नाही? ते तुझ्या बोलावण्याची वाट बघतायत, आई. मघापासून."

मावशी गप्प झाली. ती गप्प झाल्याचं एसाऊनं त्याआधी एकदाच पाहिलं होतं, अझरायाला पुरलं त्या दिवशी.

म्हणजे असा घोळ होता. हे लोक समजत होते, ही बाई आपल्याला विचारायलाही कमीपणा मानते. आणि बेटावरचे समजत होते, हे दगड आहेत दगड. दोघंही आपापल्या परीनं सभ्यच वागत होते, आणि त्या सभ्यपणात घर बुडायची वेळ आली होती.

मावशीनं घराकडे पाहिलं. पाणी मागच्या ओंडक्याला लागलं होतं. मागायचं तर तोंड उघडेना. खरंच उघडेना. ज्या तोंडानं पन्नास बापयांना बोल लावून पळवलं, त्या तोंडातून "मदत करा" एवढे दोन शब्द निघेनात. मग ती दगडावर चढली आणि रस्त्याकडे वळून ओरडली,

"ए लाल टोपीवाल्या!"

घोळक्यातला एक धिप्पाड गडी दचकला. त्यानं मागे वळून पाहिलं, मागे कुणी नव्हतं. "मी?"

"तूच! नाव काय तुझं?"

"चेस्ली, मिसेस ब्लॅगडन."

"बायको आहे?"

"आहे की."

"तुला सहन करते म्हणजे देवमाणूस असेल." मावशीनं छाती भरून श्वास घेतला.

"चेस्लीची टोपी लाल, नाक त्याहून लाल,
हात खिशातून काढायला आणू का हमाल?"

 मग रस्त्यावर असा हशा उसळला की कुत्री भुंकायला लागली. चेस्लीचं नाक खरंच टोपीपेक्षा लाल झालं. शेजारचा त्याला कोपरानं ढोसत म्हणाला, "जा लेका, तुलाच बोलावणं आलंय!" चेस्लीनं पाइप खिशात घातला, हात बाहेर काढले, खाली उतरला आणि दोर धरला. "आता बघ म्हातारे, हमाल लागतो का ते!"

"आणि तू रे, हसणाऱ्या? तुझं नाव काय?"

एकेकाचं नाव विचारून तिनं एकेकाला गाण्यात घातलं. कुणाच्या पोटाचं काढलं, कुणाच्या टकलाचं, एकाच्या होडीच्या रंगाचं. बोलावलं कुणालाच नाही, आणि आल्याशिवाय कुणी राहिलं नाही. काहीजण तर पुढे सरकून नाव सांगू लागले. दोर भरला. "ओढ!" म्हटल्याबरोबर घर चिखलातून असं सुटलं की एसाऊ तोंडावर आपटला, आणि त्याचंही लगेच गाणं झालं. दिवे लागायच्या आत अझरायाचं घर चढावर, लाटांच्या वर, पक्क्या खांबांवर उभं होतं.

मावशीनं आत जाऊन कपाट उघडलं. एकही कप फुटला नव्हता. ती तिथंच वाकड्या पायरीवर बसली आणि ढसाढसा रडली. मग डोळे पुसून मर्टलला ओरडली, "उभी काय राहिलीस? गडी उपाशी आहेत! तुझ्या चुलीवर बटाटे चढव, मी पीठ भिजवते!"

सकाळी दार वाजलं. उंबऱ्यात एक ताडमाड उंच, हडकुळा माणूस उभा होता. हातात टोपी, तोंड एवढंसं. काल तोही होता दोराला, अगदी शेवटी.

"मिसेस ब्लॅगडन," तो म्हणाला. "मी हेडली स्नूक."

"बरं मग?"

"काही नाही." तो पायाकडे बघत राहिला. "काल सगळ्यांचं झालं. माझं राहिलं."

मावशीनं त्याला नखशिखांत पाहिलं. तो चांगला चाळिशीचा बाप्या होता, घरी पोरंबाळं होती, आणि ओठ पोरासारखे बाहेर काढून उभा होता.

"हेडली स्नूक उंच किती, ढगात त्याची मान,
गाण्यात नाव आलं नाही, तोंड केलंय लहान!"

हेडलीच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं ते बघायला हवं होतं. त्यानं टोपी घातली. "येतो, द्रुसी मावशी," म्हणाला आणि शीळ घालत गेला. हूपर खाडीत तिला मावशी म्हणणारा तो पहिला. आठवड्याभरात सगळे म्हणायला लागले.

मावशी त्या घरात पुष्कळ जगली. वाकडी पायरी तशीच राहिली. हेडली दरवर्षी हातोडा घेऊन यायचा आणि दरवर्षी शिव्या खाऊन परत जायचा. होडी असो, कोठार असो, हूपर खाडीत काही ओढायचं झालं की मावशीला दगडावर चढवायचे. ज्याचं नाव गाण्यात आलं नाही तो दिवसभर घुम्यासारखा बसायचा. आणि दोराची रीत कशी रुजली ते कुणालाच सांगता येणार नाही. एका वर्षी चेस्लीनं कोठारासमोर दोर पसरून ठेवला, सकाळी माणसं हजर. कुणी काही बोललं नाही. एसाऊ मात्र त्या दिवशी रस्त्यानं अशा तोऱ्यात चालला, जणू सगळं त्यानंच शिकवलंय.

मावशी गेली ती भर हिवाळ्यात. आदल्या संध्याकाळी ती मर्टलला म्हणाली, "दोर पसरून ठेव दारासमोर." मर्टलला वाटलं, आईला भ्रम झालाय. पण तिनं पसरला.

सकाळी मर्टलनं दार उघडलं, आई गेली हे कुणाला तरी कळवावं म्हणून. कळवायला लागलंच नाही. सगळी हूपर खाडी बर्फात उभी होती, टोप्या हातात. कालपासून दारासमोर पडलेला दोर प्रत्येकानं पाहिला होता.

कबरस्तान टेकडीवर आहे. पेटी बर्फगाडीवर ठेवली, दोर बांधला, सगळ्यांनी धरला. आणि सगळे तसेच उभे राहिले. वारा वाहत होता. गाणं उचलायला कुणी नव्हतं, आणि गाण्याशिवाय दोर हलत नाही.

मग दोराच्या शेवटून, जिथं तो नेहमी उभा राहायचा तिथून, हेडली स्नूकचा फाटका आवाज आला. जन्मात कधी तो गायला नव्हता.

"द्रुसी मावशी वाळली काडी, आज का इतकी जड?
पोटामध्ये शिल्लक असेल अजून थोडी बडबड!"

चेस्ली हसला. हसता हसता त्यानं बाहीनं डोळे पुसले. एसाऊ खूप म्हातारा झाला होता, त्याला कुणी दोराला लागू देत नव्हतं, तोच काठी उगारून ओरडला, "अरे बघताय काय? ओढा!"

आणि सगळ्यांनी ओढलं.